उताणे वाचन

“सध्या काय वाचताय?” हा प्रश्न वरकरणी “जेवलात का?” या प्रश्नाइतकाच निरुपद्रवी आहे. फरक एवढाच, की न जेवलेल्या माणसाला लगेच पान वाढले जाते, आणि न वाचणाऱ्या माणसाच्या बायकोकडे सगळे सहानुभूतीने पाहू लागतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी वाचनाचा कट्टा भरतो. प्रत्येकाने हाती असलेल्या पुस्तकाविषयी पाच मिनिटे बोलायचे आणि दोघांनी एकाच प्रकारचे पुस्तक आणायचे नाही, असा शेजारच्या नानांनी घालून दिलेला नियम आहे. तो मोडणाऱ्याने पुढच्या खेपेला सगळ्यांना पन्हे पाजायचे. कट्ट्याची सुरुवात नाना नेहमी सयाजीराव महाराजांपासून करतात. महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून बोलावून घेतला, पुस्तकांच्या पेट्या भरभरून खेडोपाडी पाठवल्या, आणि अशा गावात राहून माणसाने रिकाम्या हाताने गच्चीवर यावे, हे म्हणताना ते माझ्याकडेच का पाहतात हे मला बरीच वर्षे कळत नव्हते.

वास्तविक मी वाचतो. परंतु पारा बेचाळीसच्या वर गेला, जेवणात आमरसाच्या दोन वाट्या झाल्या आणि अंग फरशीवर टेकले, की पुस्तकाची निवड वाङ्मयीन मूल्यावर होत नाही, वजनावर होते. उताण्या माणसाचे पुस्तक सरळ हातांवर तोललेले असते. साधारण चौथ्या पानाला हात कोपरात वाकतात, सहाव्याला पुस्तक छातीवर उतरते आणि आठव्याला नाकावर येते. कवितासंग्रह नाकावर पडला तर झोप मोडत नाही, कादंबरी पडली तर कूस बदलावी लागते, आणि एकदा मोहाने उघडलेले ‘गीतारहस्य’ पडले तेव्हा घरातली माणसे पाणी घेऊन धावत आली होती. लोकमान्यांनी तो ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला. तिथे त्यांना बसायला टेबल असावे, अशी माझी तेव्हापासूनची समजूत आहे. शिवाय पंख्याला वाचनाची घाई फार. तो आपल्याला विचारल्यावाचून पाने उलटतो, आणि जाग येते तेव्हा ज्याच्यावर आपला संशय होता तो मनुष्य मरून दोन प्रकरणे झालेली असतात.

हे मी उघड सांगतो. इतर सांगत नाहीत. काकूंनी आत्मचरित्राचा प्रांत कायमचा अडवून ठेवला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्या दर मे महिन्यात नव्याने वाचतात आणि “नारायणरावांचे एकेक प्रकार वाचले की आमचे हे फारच सरळ वाटू लागतात” असे म्हणतात. समोर बसलेले काका ती स्तुती समजून मान हलवतात. काकांकडे प्रवासवर्णन असते. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली वरसईहून निघालेले आणि बंडाच्या धुमाळीत सापडलेले गोडसे भटजी त्यांना अतिशय जवळचे वाटतात, कारण वसुलीला निघून मोकळ्या हाताने परतण्याचा अनुभव त्यांनाही आहे. भाच्याने नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ धरली आहे आणि तो वीज गेली की विश्वाच्या उष्णतेविषयी बोलतो. धाकट्या वहिनींनी विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ आणले. त्या पाचऐवजी दोनच मिनिटे बोलल्या आणि नंतर गच्चीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या दिवसापुरती त्या कादंबरीची मी थट्टा करणार नाही. विनोदी वाङ्मय कोणीही आणले नाही तरी त्याची हजेरी लागतेच, कारण चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवीत असत, हे कोणीतरी दर शनिवारी आठवण करून देतो.

माझ्या वाट्याला उरली रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून माझ्यासारख्यांची आयुष्यभराची सोय केली आहे. ती वजनाला हलकी, एका दुपारीत संपणारी आणि नाकाला सर्वथैव निर्धोक. परंतु “रहस्यकथा” म्हटल्यावर काकू ज्या सुरात “असू दे, असू दे” म्हणाल्या, तो सूर ताप आलेल्या मुलाशी बोलताना वापरतात. तेव्हा इरेला पेटून मी भर उन्हात मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय गाठले. तिथल्या जाड काचेच्या तक्तपोशीवरून, खाली न पाहता, कपाटांमधून हिंडलो आणि दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ घेऊन आलो. ललित निबंध कोणी घेतलेले नव्हते, पुस्तक बेताच्या जाडीचे होते, आणि बारा महिन्यांचे बारा लेख असल्यामुळे एकेका डुलकीला एकेक पुरेल असा माझा हिशेब होता.

वैशाखातल्या शेवटच्या शनिवारी माझी पाळी आली. चैत्रावर मी बरा बोललो. वैशाखावर तर इतका रंगलो की वहिनींनी पुस्तक नंतर वाचायला मागितले. तेवढ्यात नानांनी चष्मा वर करून विचारले, “आणि पुढे?”

पुढे मी वाचलेच नव्हते. पण संकटात सुचते ते असे: “नाना, हे पुस्तक मी पंचांगाप्रमाणे वाचतो आहे. ज्येष्ठ अजून लागायचा आहे.”

गच्चीवर कौतुकाची कुजबुज झाली. काकू “किती छान पद्धत!” म्हणाल्या. बायकोने मात्र पदराने तोंड झाकले. नानांनी शांतपणे पिशवीतून पंचांग काढले, बोट फिरवले आणि म्हणाले, “उद्यापासून ज्येष्ठच, पण यंदा अधिक आहे. दुर्गाबाईंनी अधिकमासावर लेख लिहिलेला नाही. म्हणजे महिनाभर तुम्ही मोकळे.”

मी लगेच होकार भरला, आणि तिथेच चुकलो. कारण अधिकमासात नित्य काहीतरी पोथी लावायची असते, या महिन्यात केलेल्याचे फळ अधिक मिळते, हेही नानांनीच सांगितले आणि पुन्हा पिशवीत हात घातला. या वेळी त्यांना दोन्ही हात घालावे लागले.

‘गीतारहस्या’ची पंधरा प्रकरणे आणि अधिक ज्येष्ठाचे तीस दिवस, म्हणजे रोज अर्धे प्रकरण, असा भाग भाच्याने तोंडी करून दाखवला. घरी आल्यावर बायकोने कपाटाच्या वरच्या फळीवरून उशी काढली आणि ती डोक्याखाली घेऊ की छातीवर ठेवू, एवढेच विचारले.