कॉस्मिक हॉरर गेम लोक फक्त दचकायला खेळतात म्हणे!

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज आमच्या गोव्यातल्या गेमिंग ग्रुपांवर फिरतोय, पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोणी सोडला नाय, आणि खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. ज्यांनी वाचला नाय त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगतो. हे जे तास-दोन तासांचे, फार तर एका रविवारात संपणारे कॉस्मिक हॉरर, म्हणजे माणसाला खिजगणतीतही न धरणाऱ्या अफाट, अनाकलनीय गोष्टींच्या भीतीचे, स्टोरी गेम निघालेत ना, ते लोक फक्त दचकायला खेळतात. त्यात जिंकता येत नाय म्हणजे ते गेमच नव्हेत. खेळणारे आतून खचलेले असतात. हे सगळं परदेशी खूळ आहे. अर्धे लोक यूट्यूबसाठी खेळतात. आणि तासाभराच्या गेमला पैसे लावणं म्हणजे लूट. मी असले गेम बरेच खेळतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दचकण्यापासून सुरू करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. आयर्न लंग घ्या. डेव्हिड शिमान्स्कीने २०२२ मध्ये काढला, साधारण तासाभराचा. एका चंद्रावर रक्ताचा समुद्र, त्यात एक गंजकी पाणबुडी, आणि आत तुम्ही, शिक्षा झालेला कैदी. खिडकी बंद केलेली आहे, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाय. पुढे स्टिअरिंगची बटणं, आकड्यांत लिहिलेली जागा, एक नकाशा. मागच्या भिंतीवर कॅमेऱ्याचा स्क्रीन. म्हणजे नकाशा बघून अंदाजाने पाणबुडी न्यायची, सेन्सर बीप बीप करायला लागला की भिंत जवळ आली समजायचं, मग उठून मागे जायचं आणि बटण दाबून फोटो काढायचा. फोटो येतो तो पण काळापांढरा, दाणेदार, आणि त्यात कधी खडक दिसतो तर कधी हाडांसारखं काहीतरी. पुढे एखाद्या फोटोत असं काही येतं की तुम्ही पुन्हा बटण दाबावं की नको असा विचार करत उभे राहता.

आता मला सांगा, यात दचकवतंय कोण? बटण तुम्हीच दाबताय. न दाबता नुसतं उभं राहिलात तर काहीच होत नाय, पण कोणी उभा राहत नाय, सगळे दाबतात. मी म्हणतो खेळायला बसायचं कारण हेच, बघितलं तर त्रास होणार हे माहीत असून बघायचं की नाय हे आपण ठरवायचं. सिनेमात हे मिळत नाय, तिथे कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असतो. शेवटी एक मोठा दचका आहे, नाकारत नाय, पण त्या काही सेकंदांसाठी आधीचा तासभर कोण आकडे जुळवत बसेल हो? दचकायचंच असेल तर दहा सेकंदांचे रील्स आहेत की, फुकट.

आणि याला नुसतं माझं मत म्हणू नका. फ्रिक्शनल या कंपनीचा सोमा हा गेम आला २०१५ मध्ये. समुद्राच्या तळाशी घडतो, सहा बाहूंचा राक्षस वगैरे प्रकार नाय पण माणूस किती क्षुल्लक आहे हे दाखवण्यात कोणाला ऐकणार नाय. त्यात मागे लागणारे राक्षस होते, तर खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी असा मॉड, म्हणजे गेममध्ये आपणच केलेला बदल, काढला की राक्षस हल्लाच करणार नाहीत. तो इतका चालला की २०१७ च्या शेवटी कंपनीनेच सेफ मोड दिला, म्हणजे राक्षस तुम्हाला मारतच नाहीत अशी सोय. लोक फक्त दचकायला आले असते तर दचकाच काढून टाका असं कशाला म्हणाले असते? त्यांना पुढे काय आहे ते बघायचं होतं, राक्षस मध्ये कडमडत होता.

त्यात २०२० चा डेन्मार्कमधला अभ्यास आहे. भुताच्या घरात ११० लोकांना हृदयाचे ठोके मोजायचं यंत्र लावून सोडलं. निघालं असं की फार कमी भीती वाटली तरी मजा कमी आणि फार जास्त वाटली तरी कमी, मधे कुठेतरी मजा सगळ्यात जास्त. भुताचं घर म्हणजे व्हिडिओ गेम नव्हे हे मान्य, पण 'जितकं जास्त दचकवाल तितके लोक येतील' हा जो हिशोब त्या मेसेजच्या मागे आहे तो तिथेही बसत नाय.

दुसरं, जिंकता येत नाय म्हणून गेम नाय. हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण कॉल ऑफ कथुलू हा टेबलावर बसून खेळायचा गेम १९८१ पासून चालू आहे आणि त्यात शेवटी बहुतेक पात्रं एकतर मरतात नायतर वेडी होतात. तरी लोक पिढ्यानपिढ्या खेळतायत. त्यातला एक नियम मला फार आवडतो. तुमच्या पात्राला एक सॅनिटीचा, म्हणजे डोकं किती ठिकाणावर आहे त्याचा, आकडा असतो, भयंकर काही बघितलं की तो उतरतो, विश्रांती, उपचार करून थोडा परत चढतो. पण त्याला वरची मर्यादा असते ९९, आणि त्या विश्वाच्या रहस्यांबद्दल तुमचं पात्र जितकं शिकेल तितके आकडे त्या ९९ मधून कायमचे वजा. म्हणजे गूढ सोडवायला जे ज्ञान लागतं तेच ज्ञान तुम्हाला कधीच पूर्ण बरं होऊ देत नाय. हा नियम कळल्यावर लोक शिकायचं थांबवतात काय? उलट जुनी पुस्तकं शोधत फिरतात! हरायचंय हे माहीत आहे, पण कळून हरायचंय. यात निर्णय आहे, किंमत आहे, जोखीम आहे, आणखी काय पायजे गेम म्हणायला, स्कोअरबोर्ड?

मोटिव्हेशनवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ गेमच्या बाबतीत तीन गोष्टी धरतात: आपल्या मनाने वागता येणं, काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि दुसऱ्यांशी नातं. २००६ मध्ये त्यावर बरंच गाजलेलं काम झालं. त्यात 'शेवटी बॉसला मारणं' ही वेगळी गरज कुठे नाय. आंधळी पाणबुडी भिंतीला न घासता बरोबर ठिकाणी नेली की जे जमलं असं वाटतं ते खरंखुरंच असतं, नंतर तुमचं काय व्हायचं ते होवो.

खेळणारे खचलेले असतात, हा तिसरा मुद्दा. हा मुद्दा नाय, शिवी आहे. कोविडच्या काळात हॉरर आवडणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०२१ चा, त्यात त्या लोकांनी इतरांपेक्षा मानसिक त्रास कमी झाल्याचं सांगितलं. स्वतःच सांगितलेली माहिती आहे, त्यावरून हॉररमुळे माणूस घट्ट होतो असं मी म्हणणार नाय, पण मेसेजवाल्याकडे तेवढंही नाय.

आता तो 'परदेशी खूळ' वाला मुद्दा, आणि इथे मला जरा वेळ पायजे. अर्धं खरं आहे. हा प्रकार लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाकडून आला, त्याची कथुलू नावाच्या राक्षसी देवाची कथा १९२८ ची, आणि त्या माणसाचा वंशद्वेष काही लपलेला नाय, त्याच्या कथांत भीती वाटायला लावणारे लोक बरेचदा आपल्यासारखे सावळे आणि समुद्रापलीकडचेच असतात. आजचे चांगले डेव्हलपर तो भाग टाकून देतात. पण 'आपल्याला याची काय गरज' म्हणजे काय? होळीनंतरच्या रात्री डिचोलीतल्या साल गावात गड्यांचा उत्सव बघायला लोक जातात ना? अंधारात बसून डोंगराकडे बघत राहतात, देवचाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तीची, दिवटी दिसते का म्हणून. कोणी त्यांना विचारत नाय की बाबांनो तुम्ही डिप्रेस्ड आहात काय.

तरी ते आणि हे एकच असं मी म्हणत नाय, आणि फरक आहे तो फार महत्त्वाचा आहे. आमचा देवचार, राखणदार, तो आपला असतो. रोट द्या, सोरो म्हणजे दारू ठेवा, विडी ठेवा, वहाणा वाहा, गाऱ्हाणं घाला, तो ऐकतो. विसरलात तर रागावतो, पण रागावण्यासाठी सुद्धा त्याला तुम्ही कोण ते माहीत असावं लागतं. कॉस्मिक हॉररमधलं जे काही असतं ना, त्याला तुम्ही आहात याचाच पत्ता नाय. तिथे नवस बोलायला कोणी नाय. गाऱ्हाणं घालणार कोणाला? माझी आजी अशा ठिकाणी काय करेल हा विचार मी खेळताना खूपदा करतो आणि उत्तर सापडत नाय. त्यामुळे मी तर म्हणेन, हा प्रकार अमेरिकनापेक्षा गोंयकाराला जास्त झोंबायला पायजे, आमच्याकडे वेशीपासून नदीच्या काठापर्यंत प्रत्येक जागेचा कोणीतरी मालक असतो आणि इथे पहिल्यांदाच बिनमालकाच्या काळोखात उभं राहायचं असतं.

स्टिल वेक्स द डीप खेळून बघा. २०२४ चा, सहाएक तासांचा. १९७५ चा ख्रिसमस, स्कॉटलंडजवळ समुद्रातली तेलाची रिग, ड्रिलला काहीतरी लागतं आणि ते वर येतं. ते काय आहे, कुठून आलं, शेवटपर्यंत कोणी सांगत नाय. पण खेळताना तुम्हाला ओढतं ते काय? तो रिगवरचा इलेक्ट्रिशियन आणि त्याच्या बायकोचं पत्र. घरी भांडण, मागे पोलिसांचं लचांड, म्हणून हा रिगवर आलेला. ज्या गोव्यात दर दुसऱ्या घरात कोणीतरी तारवार, म्हणजे जहाजावर, नायतर गल्फात आहे तिथे हे परदेशी वाटतं? माझा एक मित्र, बाप आयुष्यभर जहाजावर, तो हा गेम खेळताना राक्षसाच्या सीनला मजेत चणे खात होता, आणि टेलिफोनवर बायकोचा आवाज आल्यावर हेडफोन काढून बाहेर गेला.

यूट्यूबसाठी खेळतात, हं. काही खेळतात. आयर्न लंगला स्ट्रीमर लोकांमुळे फायदाच झाला, एका मोठ्या यूट्यूबरने तर त्यावर सिनेमा काढला. पण दुसऱ्याला घाबरताना बघायला लोकांना आवडतं म्हणजे खेळणाऱ्याला आवडत नाय, हे कुठलं लॉजिक? पुढचा मुद्दा.

पैशांचा. तासभराचा गेम म्हणजे लूट. अहो, ही भीती लांबवली की मरते! ड्रेज घ्या, २०२३ चा न्यूझीलंडवाल्यांचा, मासेमारीचा गेम, मला मनापासून आवडतो, मालीमची मासेमारी जेटी बघितलेल्या माणसाला तर तो आवडणारच. पहिल्या काही रात्री धुक्यात होडी घेऊन जायला हात थरथरतो, जाळ्यात तीन डोळ्यांचा मासा आला की पोटात गोळा. पण दहा तासांनी काय होतं? इंजिन मोठं, दिवे मोठे, आणि तुम्ही त्याच विचित्र माशाचा भाव काय मिळेल ते बघताय. भीती गेली, धंदा उरला. गेम वाईट नाय, पण अज्ञात म्हणून जे होतं ते ओळखीचं झालं की संपलं. छोटे गेम तिथवर पोचायच्या आधीच उठतात. शिवाय लिहिणाऱ्याला सगळं समजावून सांगायला वेळच मिळत नाय हा आणखी एक फायदा, नायतर मोठ्या गेममध्ये शेवटी एक शास्त्रज्ञ डायरीत सगळा खुलासा लिहून ठेवतो आणि सगळ्याची वाट लागते.

आणि लूट कोण कोणाची करतंय ते पण बघा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो. नियम चांगला आहे, पण दीड तासाचा गेम पूर्ण खेळून, एंडिंग बघून, वर चांगला रिव्ह्यू देऊन पैसे परत घेणारे लोक आहेत. २०२१ मध्ये समर ऑफ फिफ्टी-एट नावाचा छोटा हॉरर गेम काढणाऱ्याने याच कारणाने गेम बनवणं सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. लोकांना आवडला होता तो गेम, रिव्ह्यू चांगले होते, नुसते पैसे परत जात होते.

तेव्हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आधी आयर्न लंग घ्या, रात्री जेवून झाल्यावर हेडफोन लावून एका बैठकीत खेळा. अर्ध्यात कंटाळलात तर बिनधास्त रिफंड मागा. पण शेवटचा फोटो काढेपर्यंत बसलात, तर मात्र मागू नका.