स्लॅब सेरिफ म्हणजे फक्त काउबॉयचं पोस्टर नव्हे

नमस्कार. क्लॅरेंडन या छपाईच्या टाइपवरच्या, म्हणजे अक्षरवळणावरच्या, माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभारी आहे. तुमचं म्हणणं असं, की स्लॅब सेरिफ, म्हणजे क्लॅरेंडनसारखे अक्षरांच्या टोकांना जाड आडव्या पट्ट्या असलेले टाइप, सगळे सारखेच, जाडजूड आणि ओबडधोबड. 'वॉन्टेड'च्या पोस्टरला शोभतात, पण तुम्ही पाहिलेल्या त्या कॅफेच्या मेन्यूकार्डावर आले की जुनेपणाचा नुसता आव वाटतो. आव आणला जातो हे खरं आहे. 'सगळे सारखेच' मात्र मला मुळीच पटत नाही.

रॉकवेल हा दुसरा स्लॅब सेरिफ आणि क्लॅरेंडन शेजारी ठेवा आणि चांगले मोठे करून बघा. मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीने १९३४ साली काढलेल्या रॉकवेलमध्ये उभा दांडा पायाच्या पट्टीला सरळ काटकोनात भिडतो, आणि रेघेची जाडी जवळपास सगळीकडे एकच. क्लॅरेंडनचा दांडा पट्टीत उतरताना छोटीशी गोलाई घेतो. त्याच्या उभ्या रेघा भरीव, आडव्या जरा बारीक, आणि लहान इंग्रजी 'आर', 'सी' यांच्या टोकाला टपोरा गोळा. म्हणून रॉकवेल ताठ वाटतो, तर क्लॅरेंडन भारदस्त असूनही मायाळू. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आता पोस्टरबद्दल. विन्सेंट फिगिन्सने लंडनमध्ये १८१५च्या सुमारास आणलेले पहिले स्लॅब जाहिरातींसाठीच होते, हे कबूल. पण १८४५ साली रॉबर्ट बेस्लीच्या फॅन स्ट्रीट फाउंड्री या टाइप ओतणाऱ्या कारखान्यातून क्लॅरेंडन आला तो दुसऱ्याच कामासाठी. साध्या मजकुराच्या ओळीत एखादा शब्द ठळक उठून दिसावा, जसा शब्दकोशातला मूळ शब्द, आणि तरी ओळ बिघडू नये. बेंजामिन फॉक्सने ते ठसे कोरले. त्या रचनेच्या नोंदणीचं, म्हणजे नकलेपासूनचं, संरक्षण तीनच वर्षांचं होतं. ते संपताच इतरांनी धडाधड नकला काढल्या. पुढे अमेरिकेतल्या लाकडी टाइपवाल्यांनी तो ताणला, चेपला, पाय दांड्यापेक्षाही जाड केले. तुमच्या डोळ्यांसमोरचं काउबॉय पोस्टर ते हे. त्याच अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरच्या पाट्या कित्येक दशकं क्लॅरेंडनमध्ये होत्या, आणि पाटी वाचता आली नाही तर तिचा उपयोग काय?

टाइपरायटरही विसरू नका. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, त्यामुळे बारीकसा 'आय' एकटा पडतो. रुंद पट्ट्या दिल्या की ती मोकळी जागा भरते. कुरिअर हा टाइपरायटरचा टाइप बघितलात तर लगेच लक्षात येईल. म्हणजे पट्टी ही निव्वळ सजावट नाही.

मोबाइलवर अख्खे परिच्छेद क्लॅरेंडनमध्ये लावू नयेत, इथे मी तुमच्याच बाजूचा. पान काळं पडतं, डोळे थकतात. मथळे, लेबलं, किमतीचे आकडे, दोन-चार शब्दांची पाटी, इथे तो द्यावा. मेन्यूत पदार्थाचं नाव त्यात, खालचं वर्णन एखाद्या शांत, हलक्या टाइपात.

आणि त्या कार्डावर जुनेपणाचा आव आणतोय तो तपकिरी कागदाचा पोत आणि चार कोपऱ्यांतली नक्षी. ती काढून फक्त टाइप ठेवून बघा, आणि कसं वाटतं ते इथेच कळवा.