म्हातारी झाडं पडतात म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. दर वर्षी त्यात दोन-चार ओळींची भर पडते, गाभा तोच. सारांश असा : रस्त्याकडेची जुनी झाडं धोकादायक असतात, हे निसर्ग आणि तौक्ते वादळांनी सिद्ध केलंय. ती पावसाआधी तोडावीत, निदान माथ्यापासून छाटावीत. आमचे आजे ऐन-किंजळ छाटतच होते, काय वाईट झालं? मुळं गटारं फोडतात. एक तोडलं तर दहा लावू. नाहीतरी कोकणात झाडांना काय तोटा? आणि कायदा इतका किचकट आहे की धोक्याचं झाडही तोडता येत नाही. खाली हात जोडल्याचं चित्र आणि ‘जनहितार्थ’.

झाड पडून माणसं मरतात, रिक्षा चेपतात, कौलं फुटतात. ज्याच्या घरावर फांदी आली त्याला पर्यावरणावर व्याख्यान द्यायची माझी हिंमत नाही. पण या मजकुराचा राग येतो तोही त्याच कारणाने. यात सुचवलेले उपाय मनापासून केले तर पुढच्या काही वर्षांत पडणारी झाडं कमी होणार नाहीत, वाढतील.

आधी वादळांचं बघू. निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन-दिवेआगरपासून मंडणगड-दापोलीपर्यंत सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. माड गेले, आंबे-फणस गेले. त्यात बापजाद्यांनी लावलेली झाडं होती तशी नुकती धरती झालेलीही होती. विजेचे खांब तर रांगेने झोपले, ते काय शंभर वर्षांचे होते? असल्या वाऱ्यात काय पडलं यावरून वयाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

तौक्ते वेगळं. १६ मे २०२१ ला ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातेत धडकलं. आपल्याकडे ते बाजूने गेलं, त्यामुळे सगळी झाडं पडली नाहीत, काहीच पडली. हीच का पडली, असं विचारायला तिथे वाव आहे. आमच्या गावात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठा रेन ट्री उन्मळला. बातमी आली, ‘जीर्ण वृक्ष कोसळला’. मी बघायला गेलो तेव्हा मुळांचा गड्डा माणसापेक्षा उंच उभा होता. पूर्वेकडची मुळं लांबलचक, पिळवटून तुटलेली, तंतू बाहेर आलेले, आतलं लाकूड पांढरंशुभ्र. पश्चिमेकडची मात्र पट्टी लावून कापल्यासारखी एका सरळ रेषेत संपत होती, टोकं बोथट आणि काळी पडलेली. ती रेषा म्हणजे आदल्या वर्षी बांधलेल्या गटाराची कड. जेसीबीने चर खणताना समुद्राकडची सगळी मुळं तोडली होती. वर सिमेंट पडल्यावर कोणाला कळणार?

झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत आडवी पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. आपल्याकडे खाली जांभा खडक लागला की ती आणखी उथळ राहतात. पावसाळी वारा येतो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. होडीच्या डोलकाठीला वाऱ्याच्या बाजूचा दोर धरून ठेवतो, तसं झाडाला वाऱ्याच्या बाजूचं मूळ धरून ठेवतं. ते तुटलं की झाड एखादा पावसाळा कसंबसं काढतं, मग जमीन भिजून लोण्यासारखी झाली की जातं. दोष वयाचा लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे मुद्दाम लांबवलं, कारण यापुढे असले चर वाढणार आहेत. पाण्याची नवी लाईन, मोबाईल कंपन्यांच्या केबली, गटारं, फुटपाथ. चक्रीवादळाच्या धोक्यामुळे अलिबाग, रत्नागिरीसारख्या ठिकाणी वीजवाहिन्या जमिनीखाली न्यायची कामं झाली. हे चांगलंच, तारांखाली दर मे महिन्यात होणारी झाडांची कत्तल त्याने थांबू शकते. फक्त चर बुंध्यापासून किती लांब जातो आणि मोठं मूळ आडवं आलं की कामगार त्याच्या खालून नळी सरकवतो की कुऱ्हाड घालतो, यावर सगळं ठरतं. टेंडरात ही एक ओळ टाकायला पैसे पडत नाहीत.

मग जुनं झाड कधीच धोक्याचं नसतं का? असतं. बुंध्याला किंवा मुळांशी फळीसारखी कडक अळंबी उगवली, कालपर्यंत सरळ असलेलं झाड आज कललं, त्याच्या पाठीमागची माती उचलून भेग पडली, शेंडा वाळत खाली आला, तर ते झाड तपासायला हवं, आणि वेळ आली तर तोडायलाही हवं. नुसती ढोली दिसली म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही. झाडांच्या यांत्रिकीचा अभ्यास करणाऱ्या क्लाउस मॅथेक या जर्मन शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे : खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं निरोगी लाकूड भोवती उरलं असेल, तर पोकळ खोडही उभं राहू शकतं. आपले देवळापुढचे पोकळ वड काय उगाच उभे आहेत? शिवाय ‘जुनं’ म्हणताना कुठलं, हेही बघा. मादागास्करहून आलेला गुलमोहोर ठिसूळ, फांदी टाकणारा. करंज, उंडी, भेंड, बकुळ ही खारा वारा पिऊन वाढलेली मंडळी. सगळ्यांना एकच करवत लावायची, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.

आता छाटणी. आजोबांचा दाखला मला आवडला, कारण तो खरा आहे. राबासाठी, म्हणजे भाताचं रोप करायची जमीन भाजायला, कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडायला ऐन-किंजळावर आमच्याकडेही माणसं चढायची. पण ती छाटणी झाड लहान असल्यापासून सुरू व्हायची आणि नेमाने चालायची. कोयत्याच्या एका-दोन घावात तुटेल एवढीच फांदी तोडायची. जखम बोटा-अंगठ्याएवढी, लवकर भरणारी. झाड वर्षानुवर्षं खांबासारखं बुटकं राहायचं, आणि खाली असायची भातखाचरं, रिक्षा स्टँड नव्हे. साठ वर्षं मोकळा वाढलेला वड किंवा रेन ट्री घेऊन मांडीएवढ्या फांद्या मधोमध उडवायच्या आणि आजोबांचं नाव सांगायचं, हा आजोबांवर अन्याय आहे.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी आयुष्यभर ओंडके उभे-आडवे चिरून हे दाखवलं. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. जखम लहान असेल तर तोंड मिटतं. फूटभर व्यासाची असेल तर मिटण्याआधीच कूज आत उतरते, आणि आपण ती उघडी कधी करतो? मे अखेरीला, पुढे चार महिने धो धो पाऊस असताना. बुरशीला आमंत्रणपत्रिका छापायचीच बाकी राहते.

वर हिरवीगार पालवी फुटते आणि लोक म्हणतात, बघा, झाड पुन्हा तरुण झालं! असं एखादं मुंडकं उडवलेलं झाड सापडलं तर तोडलेल्या टोकाजवळची कोवळी काठी हाताने खाली ओढून बघा. सालीची पट्टी घेऊन ती सहज सुटते. जुनी फांदी खोडाच्या लाकडात आतपर्यंत रुतलेली असते, ही नवी फक्त वरच्या थरावर बसलेली. पाच-सात वर्षांत ती मनगटापेक्षा जाड होते, खालचं टोक तोवर कुजतं, आणि मग ‘अचानक’ फांदी कोसळते. छाटणीने धोका टळला नाही, पुढच्या नगराध्यक्षाच्या गळ्यात गेला.

नीट छाटणी करता येते. वाळकी, एकमेकींवर घासणारी, रस्त्यावर उतरलेली फांदी तेवढी काढायची. आधी खालून अर्धवट कापायचं, मग थोडं पुढे वरून, म्हणजे वजनाने साल फाटत नाही. राहिलेला तुकडा शेवटी काढायचा, तो खोडाशी असलेल्या सालीच्या जाड वळीच्या बाहेरून. ती वळी कापायची नाही, जखम तीच भरते. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत. माड मात्र वेगळा : रस्त्याकडेच्या माडावरून सुकी झावळ किंवा नारळ डोक्यात पडणं हा खरा धोका, आणि त्यावर पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा माणूस, लावून वेळच्या वेळी माड साफ करणं एवढाच उपाय. शहरातून पाडेली मिळेनासे झालेत, ही अडचण त्या मजकुरात असती तर मी पहिला पुढे पाठवला असता.

मुळं गटारं फोडतात? धड बांधलेलं गटार मूळ सहसा फोडत नाही. गळका सांधा सापडला की ओलाव्याच्या मागे आत शिरतं आणि जाड होतं. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की हवेसाठी मुळं वर येतात आणि फरशा उचलतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. भिंतीत रुजलेला वड-पिंपळ मात्र खरोखर भिंत फोडतो. तो वीतभर असतानाच उपटावा, त्याला माझा विरोध नाही.

‘एकाला दहा’ हा सगळ्यांत दिलदार वाटणारा मुद्दा. हिशोब करू. वीस मीटर व्यासाचा पर्णसंभार म्हणजे तीनशे चौरस मीटरच्या वर सावली. मीटरभर व्यासाची दहा रोपं मिळून आठ चौरस मीटरही होत नाहीत. चाळीस पटींचा फरक, तोही दहाच्या दहा जगली तर. ती लागतात जुलैत, फोटोसकट, आणि बहुतेकदा गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कारण गावात जागा नाही. तिथे वीतभर मातीखाली कातळ. ऑक्टोबरात पाऊस गेला की मेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तेवढ्यात गुरं फिरतात, गवताला वणवा लागतो. टँकर कोणाचा, ड्रायव्हर कोण, डिझेल कुठल्या खात्यातून, हे विचारलं की ग्रुपवर शांतता. आणि गंमत म्हणजे हे दहा कायद्यापेक्षा कमीच आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची आहेत. सत्तर वर्षांच्या वडाला सत्तर. उचलून दुसरीकडे लावू म्हणाल, तर वड-पिंपळ कधी कधी धरतो, जुना आंबा-फणस क्वचितच.

‘कोकणात झाडांना काय तोटा’ यावर एवढंच : कलमांच्या बागेची सावली एसटी स्टँडवर पडत नाही. एप्रिलच्या घामट दुपारी आंब्याच्या पेट्या घेऊन बसलेली बाई, शाळा सुटून रिक्षेची वाट बघणारी पोरं, बँकेच्या दारातले पेन्शनर, सगळे त्या दोन-चार ‘धोकादायक’ झाडांखालीच असतात.

राहिला कायदा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची आहे. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून वारसा वृक्षाचा दर्जा आहे. यात कुठेही ‘धोक्याचं झाड तोडू नका’ असं नाही. जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तर परवानगीची वाट आहेच. एरवी तोडायचं असेल तर झाडावरच नोटीस लावून हरकती मागवायच्या असतात, आणि मजकूर लिहिणाऱ्याला खरी टोचणी त्याचीच असावी. त्याने व्याख्यांचं कलम वाचलेलं दिसत नाही. तिथे ‘झाड तोडणे’ यात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हेही धरलंय. म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे तो जेसीबीचा चरही त्यात येतो.

तेव्हा रस्त्यात चुन्याची फक्की पडलेली दिसली की खोदाईच्या आधीच वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या : गणनेतला झाडाचा क्रमांक, बुंध्यापासून चराचं अंतर, चर समुद्राच्या बाजूने आहे की डोंगराच्या. सोबत टेप लावून काढलेला फोटो. आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या, नाहीतर आवक-जावकच्या टेबलावर तो सापडत नाही.