वस्तऱ्याची धार घरी लागत नाही म्हणे!

'वस्तऱ्याला घरी धार लावायच्या फंदात पडू नका' असं बजावणारा एक मजकूर दाढीच्या हौशी मंडळींत सारखा फिरत असतो. त्यातले दावे चार: दगडावर पातं धरायचा कोन हातात बसायला वर्षं जातात, महागड्या जपानी दगडांवाचून भागत नाही, रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासलं की दगड लागतच नाही, आणि हातावरची लव उडाली की वस्तरा तयार. दुसरा नि तिसरा दावा आपसातच भांडतात, ते सोडा.

कोनाचं म्हणणं सुरीला लागू आहे. वस्तऱ्याचा कोन पात्यातच बसवलेला असतो. पाठ (धारेसमोरची जाड कड) नि धार दोन्ही दगडाला टेकवून पातं सरकवायचं, बस. पाठ साडेपाच मिलिमीटर जाड आणि पातं १९ मिलिमीटर रुंद असेल, तर कोन आपसूक १६-१७ अंशांचा होतो. घासताना पाठही झिजते, त्यामुळे पुढेही तो फारसा बदलत नाही. सुरीच्या सवयीने पाठ उचलली की मात्र सगळं बिघडलं.

अवघड भाग वेगळाच आहे. १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून मुठीपर्यंत एका रेषेत भिडवणं, इथेच नवशिक्याची घाई नडते. उतारावर मार्करची शाई फासा, हलक्या हाताने चार-पाच वेळा घासा आणि उजेडात धरा. टोकाशी शाई शिल्लक दिसली तर तिथे दगड पोचलेलाच नाही. धार वर करून भिंगातून पाहा: चमकणारी रेघ दिसली तर तिथे पातं अजून बोथट आहे. हे न करता ८००० च्या दगडावर उडी मारणारे मग दगडाला नावं ठेवतात.

दगडांच्या खर्चाचं तर काही सांगूच नका. सपाट काचेवर चिकटवलेली लॅपिंग फिल्म, म्हणजे घासायचे बारीक कण लावलेली प्लास्टिकची पातळ पट्टी, शेवटची १ मायक्रॉन कणांची, तेच काम करते. हार्डवेअरच्या दुकानातला सुरीचा खरबरीत दगड मात्र नको.

पट्ट्याबद्दल. तो धार सरळ करतो, पुसतो. गेलेलं पोलाद परत आणत नाही. केसापेक्षा पोलाद सुमारे ५० पट कठीण, तरी दाढी करताना धारेचे बारीक कपचे उडतात, हे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं. क्रोमियम ऑक्साइड (धार घासणारी बारीक पूड) लावलेल्या पट्ट्याने दगडाची पाळी लांबते, टळत नाही. पट्टा सैल धरला तर उलट धार गोल होते.

राहिली लव. ती तर १००० च्या दगडावरून उतरलेलं पातंही उडवतं! त्या धारेने गालावरून एकदा वस्तरा फिरवून बघा, म्हणजे फरक कळेल. खरी परीक्षा साबण लावलेल्या हनुवटीवर, दुसरीकडे कुठेही नाही.

एक मात्र कबूल: कपचा उडालेला किंवा वाकडं पातं असलेला जुना वस्तरा शिकायला घेऊ नये, तो जाणकाराकडेच द्यावा. आणि पहिला वस्तरा धार लावलेलाच घ्यावा. चांगली धार गालाला कशी लागते हे ठाऊक नसेल, तर दगडावर थांबायचं कधी हे कसं कळणार?