लेआउटचा रोड तीस फुटी, पण जातो कुठं?

तालुक्याच्या गावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे : "गावठाणातल्या बोळांत जीव घुसमटतो. लेआउटमध्ये तीस फुटी रोड. तोंड एकच, म्हणून गर्दी नाही, चोरी नाही. पुढं लागलाच तर रोड वाढवता येते." पहिलं वाक्य मान्य, बोळात ॲम्ब्युलन्स शिरत नाही. बाकीचं मात्र पटण्यासारखं नाही.

"तीस फुटी रोड म्हणजे सोय." लेआउट पडतो एकेका शेतावर. एन.ए., म्हणजे बिगरशेती परवानगी, एकाच मालकाची, म्हणून रोड शेजाऱ्याच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, संपतो. समजा, शेजारशेजारच्या दोन लेआउटचे रोड हायवेपासून 180 मीटर आत जातात आणि दोन्हींत 100 मीटर अंतर आहे. या टोकाच्या घरून त्या टोकाच्या घरी जायला 180 + 100 + 180, म्हणजे 460 मीटर. सरळ वाटेच्या साडेचार पट. रोड साठ फुटी केला तरी हा आकडा हलत नाही. शिवाय मधले 100 मीटर हायवेवरून, हंगामात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांमधून.

"गर्दी नाही." आत नसते, तोंडाशी असते. सकाळी शाळेच्या वेळी बघा.

नळाचीही तीच गत. पाइपलाइन रोडखालून जाते, रोड बंद तर लाइनही बंद. टोकाला पाणी साचून राहतं, गाळ बसतो, दाब कमी होतो. मध्ये लाइन फुटली की पुढची सगळी घरं कोरडी, कारण दुसऱ्या बाजूनं पाणी फिरवायला जोडच नसतो.

"चोरी नाही." आकडे दाखवा, मग बोलू.

"पुढं वाढवता येते." सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. रोडच्या टोकाला बिल्डर प्लॉट पाडून विकतो. त्यावर एकदा वॉल कंपाउंड झालं की रोडसाठी ती जागा विकत घ्यावी लागते. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांच्या 2015 च्या अभ्यासानुसार अमेरिकेत नव्या रस्त्यांची तुटक आखणी 1994 च्या सुमारास कळसाला पोचली, नंतर सुधारली. आधी पडलेले बंद रस्ते त्यानं उघडत नाहीत.

इसार देण्याआधी मंजूर नकाशा मागा. प्रत्येक जोडाला गुण द्या : चौकाला 4, तिठ्याला 3, बंद टोकाला 1, आणि सरासरी काढा. ती 3 च्या खाली आली तर बंद टोकं फार आहेत. रोड धुऱ्यापर्यंत नेलाय की टोकाला प्लॉट आहे, शेजारच्या मंजूर लेआउटच्या रोडशी तो जुळतो का, हेही पाहा. आणि गाव नकाशा जवळ ठेवून पांदण शोधा. गावठाणातून थेट मागं निघणारी वाट बरेचदा तेवढीच असते, आणि प्लॉटच्या हद्दीत आधी गडप होते तीच.