‘भोंदूपणा’ या शब्दाविषयी, आणि बिग एंडविषयीही

महोदय,

लांब प्रवासाची जुनी टुरिंग मोटारसायकल घेताना इंजिनाचा आवाज कसा ऐकावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला आणि दुसऱ्या वाचनात तो ओसरला नाही, म्हणून दोन दिवस थांबून हे उत्तर लिहितो आहे. आपण नावाच्या जागी ‘एक अभियंता’ एवढेच लिहिले असल्यामुळे ‘महोदय’ म्हणावे की नाही, याचीही मला खात्री नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : कानाने इंजिन तपासणे हा ‘शुद्ध भोंदूपणा’ आहे, आवाजावरून आतले काही कळत नाही, जे पाहायचे ते बोअरस्कोपने, म्हणजे बारीक नळीवरच्या कॅमेऱ्याने, स्पार्क प्लगच्या भोकातून पाहावे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे, रॉयल एनफील्डच्या थंडरबर्डविषयी मी चुकीची माहिती दिली, नवख्या माणसाला चार गाड्यांचे आवाजही ठाऊक नसतात, आणि माझ्यासारख्यांमुळे लोकांचे पैसे बुडतात.

जे मान्य करायचे ते आधीच करून टाकतो. थंडरबर्ड घेतल्यावर ‘टॅपेट सेट करून घ्यावेत’, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट हाताने जुळवून घ्यावी, असे मी लिहिले होते, ते चूक होते. ३४६ सीसीच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांतली फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते, आणि जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटसारखे ते हाताने सेट करावे लागत नाहीत. लिहिताना हात जुन्या सवयीने गेला. मात्र एका वाक्यातल्या या चुकीला आपण तीन उद्गारचिन्हे खर्च केलीत आणि तिच्या आधाराने उरलेला सगळा लेख निकालात काढलात, हे मला न्यायाचे वाटत नाही.

आता शब्दाविषयी. आमच्या सातारा भागात भोंदू त्याला म्हणतात, जो अंगारा देतो आणि त्याचे पैसे घेतो. मी कोणाला अंगारा दिलेला नाही आणि कोणाकडून एक रुपयाही घेतलेला नाही. गाडी पाहायला सकाळी लवकर जावे, पोहोचताच इंजिनाच्या कव्हरवर तळवा ठेवून ते खरोखर गार आहे ना हे पाहावे आणि मगच सुरू करायला सांगावे, एवढेच सांगितले. ‘आपली पद्धत अपुरी आहे’ असे आपण लिहिले असते, तर मी आभार मानले असते. वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना जी भाषा आपण वापरणार नाही, ती अनोळखी माणसासाठी रात्री पावणेबारा वाजता कशी सुचते, हे मला कळत नाही.

‘आवाजावरून आतले काही कळत नाही’ या वाक्यावर मात्र सविस्तर बोलणे भाग आहे. बोअरस्कोप प्लगच्या भोकातून आत गेला की पिस्टनचा माथा, त्यावरचा कार्बन, सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे आणि नशिबाने साथ दिली तर व्हॉल्व्हची तोंडे दिसतात. हे उपयोगाचे आहे, मी नाकारत नाही. पण जुन्या गाडीत खिशाला सर्वांत मोठा खड्डा पाडते ते बिग एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग, आणि ते असते पिस्टनच्या खाली, क्रँकवर. प्लगच्या भोकातून ते दिसत नाही, आपला कॅमेरा कितीही महाग असो. कॉम्प्रेशनचे तेच. त्यातून रिंगा आणि व्हॉल्व्ह यांची अवस्था कळते, बिग एंडविषयी ते अवाक्षर काढत नाही. शिवाय यूसीईसारख्या ऑटो डीकॉम्प्रेसर (सुरू करताना सिलिंडरमधला दाब आपोआप कमी करणारी सोय) असलेल्या इंजिनात स्टार्टरवर फिरवून मोजलेला आकडा मुळातच कमी दिसतो, आणि ते ठाऊक नसलेला माणूस चांगली गाडी सोडून घरी येतो.

मग बिग एंड कशाने कळते? कळते ते आवाजानेच, पण तो कधी ऐकायचा हे ठाऊक असेल तर. टॅपेटची टिकटिक गार इंजिनात जास्त असते, आणि हायड्रॉलिक टॅपेट असतील तर तेल वर चढेपर्यंतचे काही क्षण ती होणारच. चार स्ट्रोकच्या, एका सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो आणि सायलेन्सरचा ठोकाही दोन फेऱ्यांत एकदाच पडतो, म्हणून टॅपेटची टिक सायलेन्सरच्या ‘डग’बरोबर पावलाला पाऊल लावून चालते आणि गाडीवर भार आला वा गेला तरी स्वभाव बदलत नाही. बिग एंडचे उलटे आहे. गार इंजिनात तेल घट्ट असते तोवर ते पुष्कळदा गप्प बसते, आणि अर्ध्या तासाच्या चालीनंतर तेल पातळ झाले की बोलू लागते. त्याचा आवाज टिक नसून ठक असतो, आणि अडीच-तीन हजार आरपीएमवर थ्रॉटल स्थिर धरून किंचित सोडला, की नेमक्या त्या क्षणी, भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना, तो उघडा पडतो. म्हणूनच मी दोनदा ऐका असे लिहिले होते : एकदा गार इंजिनावर, आणि एकदा यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन आल्यावर. आपण लेखाचा हा भाग वाचला नसावा, किंवा वाचूनही प्रतिक्रियेत घेतला नाही.

आता मला हे कोणी शिकवले ते सांगतो, कारण ‘घरबसल्या ज्ञान पाजळणारे’ असेही आपण म्हटले आहे. माझे वडील एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. मी आठ वर्षांचा असताना त्यांनी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला, त्याचे टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ माझ्या कानासमोरच्या हाडावर दाबून धरली. बाहेरचा सगळा गोंगाट मागे पडला आणि लोखंडातून एकच आवाज वर आला. टोक चार बोटे सरकवले की आवाज बदलत असे, आणि कुठला कशाचा हे ओळखल्याशिवाय ते मला घरी जाऊ देत नसत.

तरीही मी फसलो, आणि तेही लिहितो. २०१५ साली मी साताऱ्यातच २०११ सालची थंडरबर्ड ट्विनस्पार्क ७५,००० रुपयांना घेतली. इंजिनाच्या उजव्या बाजूने, खालून, आवाज येत होता. विकणारा म्हणाला, ‘टॅपेट आहेत साहेब, बुलेटला आवाज असायचाच.’ त्या इंजिनात व्हॉल्व्ह चालवणारे कॅम वर हेडमध्ये नसतात, ते खाली क्रँककेसमध्ये गिअरवर फिरतात, आणि टॅपेटही तिथेच बसतात. त्यामुळे टॅपेट आणि बिग एंड यांचे आवाज जवळजवळ एकाच ठिकाणाहून येतात आणि विकणाऱ्याचे बोलणे पटण्यासारखे होते. मी जागा ऐकली, ठेका ऐकला नाही. शिवाय गाडी गरम करून पाहण्याचा आळस केला, कारण विसार आधीच देऊन बसलो होतो. दोन महिन्यांनी पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर तो आवाज ठक-ठक असा मोठा झाला आणि गाडी टेम्पोत घालून साताऱ्याला आणावी लागली. इंजिन उघडल्यावर मिस्त्रीने रॉड हातात धरून वर-खाली हलवून दाखवला. तो हलायलाच नको होता. क्रँकसकट सगळे काम करायला गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पैसे गेले. यावर आपण म्हणाल की कान चुकला. माझे म्हणणे असे की कानाने सांगितले होते, मी ऐकले नाही.

त्यानंतर २०२१ साली कराडला बजाजची एक डोमिनार पाहायला गेलो. सकाळी सातला पोहोचलो, इंजिनावर तळवा ठेवला, तर ते चांगलेच कोमट. आम्ही येण्याआधी गाडी कोणी आणि कशाला चालवली, याचे मालकाकडे उत्तर नव्हते. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीतून बाहेरही काढला नाही आणि चहा घेऊन परतलो. त्या गाडीचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, पण आपल्या बोअरस्कोपने तिथे काय दाखवले असते, हे आपण जरूर लिहावे.

क्लच दाबल्यावर नाहीसा होणारा आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा किंवा क्लच बास्केटचा असतो, हे मी मूळ लेखात लिहिलेच आहे. सायलेन्सरच्या जोडाजवळची गळती हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिकते, हा आपला मुद्दा बरोबर आहे आणि तो घालायला हवा होता. नेहमीच्या १५डब्ल्यू-५० तेलाच्या जागी आणखी घट्ट तेल भरून आवाज दाबतात, हेही खरे. पण त्यासाठीच तर अर्धा तास चालवून पाहायचे. नवख्या माणसाला आवाज ठाऊक नसतात, याविषयी स्वतंत्र लिहिण्याचा विचार आहे, आत्ता त्यात शिरत नाही. चेसिस नंबर, विमा आणि कर्जाचा बोजा यांवरची आपली चार वाक्ये या लेखाच्या विषयात बसत नाहीत.

थंडरबर्डच्या टॅपेटचे वाक्य मी आज सकाळी दुरुस्त केले आहे आणि दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे केली असे खाली नमूदही केले आहे. ‘भोंदूपणा’ हा शब्द आपल्या प्रतिक्रियेतून मी काढलेला नाही. तो आपणच काढावा.