आधी मोजमाप पुस्तिका उघडा

पावसाळा लागला की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे चार ठिकाणांहून आला, त्यातला एक आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवरचा. मजकूर साधारण असा:

"रस्ते खड्ड्यात का जातात? कारण कायद्याने सर्वात कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यावं लागतं, अधिकाऱ्यांचे हात बांधलेले असतात. तीस टक्के बिलो भरणारा रस्ता कसा करणार? निविदा आता ऑनलाइन आहेत, त्यामुळे मॅनेज होण्याचा प्रश्नच उरला नाही. दोष फक्त एल-वन पद्धतीचा. ही निविदा पद्धत बंद करा आणि नामांकित कंपनीला थेट काम द्या. तोवर सामान्य माणसाच्या हातात काही नाही."

यातलं बिलो म्हणजे सरकारी अंदाजपत्रकापेक्षा कमी दर, आणि एल-वन म्हणजे सर्वात कमी दर भरणारा. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून मी नोकरी केली. रस्ते केले, शाळाखोल्या केल्या, अंगणवाड्या केल्या. हा मेसेज पुढे पाठवणारी माणसं चांगली आहेत, त्यांचा राग खरा आहे. पण हा राग चुकीच्या दारावर जाऊन धडकतोय आणि त्यामुळे ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते निवांत आहेत. म्हणून मेसेजचं एकेक वाक्य घेऊन लिहितो.

पहिलं वाक्य, "सर्वात कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यावं लागतं."

हे अर्धंच खरं आहे. निविदेला दोन लिफाफे असतात. पहिल्यात ठेकेदाराच्या नोंदणीचा वर्ग, तशा प्रकारची आधी केलेली कामं, यंत्रसामग्री, उलाढाल, हातात सध्या किती कामं शिल्लक आहेत, हे सगळं तपासायचं असतं. पहिल्या लिफाफ्यात जो बसला नाही, त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाहीत. म्हणजे एल-वन हा पात्र ठरलेल्यांतला सर्वात कमी असतो. आलेल्या सगळ्यांतला नव्हे. अपात्र माणूस पहिल्या लिफाफ्यातून पुढे गेला असेल, तर त्याला पुढे जाऊ देणाऱ्याची सही तिथे आहे.

बरं, एल-वन आला म्हणून लगेच कार्यारंभ आदेश द्यायलाच हवा असंही नाही. दर व्यवहार्य वाटत नसेल तर दरपृथक्करण, म्हणजे हा दर कसा बसवला त्याचा हिशोब, मागता येतं, कारण नोंदवून निविदा नाकारता येते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत बिलो भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतात. दर दहा टक्क्यांहून जास्त बिलो गेला की ती चढत जाते आणि पंधराच्या पुढे प्रत्येक टक्क्याला दोन टक्के लागते. ही रक्कम डीडीने आली, तर तो डीडी बँकेकडून पडताळून घ्यायचा असतो. आणि केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत ठरावीक कामांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायची मुभा दिली आहे, जास्तीत जास्त ३० टक्के भारांक. हात बांधलेले आहेत हे वाक्य मी कचेरीत असंख्य वेळा ऐकलंय. बहुतेक वेळा हात मोकळे होते, पण सही करायची हिंमत नव्हती.

दुसरं वाक्य तीस टक्के बिलोचं. इथे जरा थांबावं लागेल, कारण मेसेजचा सगळा जोर इथेच आहे.

तीस टक्के बिलो बघितलं की माझ्याही पोटात गोळा यायचा, हे आधी कबूल करतो. पण बिलो येतो कुठून ते बघा. अंदाजपत्रक दरसूचीवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांच्या यादीवर, बनतं. त्या दरातच ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च धरलेला असतो. त्यावर खडी, मुरूम, डांबर आणायचा लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर. अंदाजपत्रकात खाण चाळीस किलोमीटरवर धरली आणि ठेकेदाराचा स्वतःचा क्रशर आठ किलोमीटरवर असला, तर त्याला दर खाली आणायला प्रामाणिक जागा मिळते. तिथे प्रश्न अंदाजपत्रक करणाऱ्याला विचारायचा. तांत्रिक मान्यता देताना हा लीड कोणी तपासला? एखाद्या तालुक्यात सगळीच कामं वीस-पंचवीस टक्के बिलो जात असतील, तर तिथली अंदाजपत्रकं फुगलेली असण्याचीच शक्यता जास्त.

आता मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका वस्तीला जोडणारा रस्ता, एक किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद. खडीकरण झालेलं, वर २० मिलिमीटरचं कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा थर, आणि त्याला बंद करणारा सीलकोट टाकायचा होता. ही निविदा बिलो नव्हती. चार टक्के अबव्ह, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा जास्त दराची होती. मेसेजच्या हिशोबाने हा रस्ता सोन्यासारखा व्हायला हवा होता.

मी साइटवर पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. हॉटमिक्सचा, म्हणजे गरम डांबर-खडीच्या मालाचा टिपर ताडपत्री न टाकता आला होता आणि माल थंड झाला होता. चांगल्या गरम मालातून वाफ दिसते आणि तो काळा चकाकतो. हा करडा, भुरभुरीत दिसत होता. टॅककोट, म्हणजे थर चिकटावा म्हणून खाली मारायचं पातळ डांबर, नावापुरता मारलेला, मध्ये मध्ये खडीवरची धूळ तशीच. रोलर फिरून गेल्यावर मी कडेला स्टीलची पट्टी खुपसली. चौदा. वीस पावलांवर पुन्हा, पंधरा. पुढे वळणावर तेरा.

सगळीकडे पंधरा धरली तरी पाच मिलिमीटर कमी. पाच मिलिमीटर म्हणजे किती? तीन नाणी एकावर एक ठेवा, तेवढं. डोळ्याला ते दिसत नाही. पण हिशोब करा. १००० मीटर गुणिले ३.७५ मीटर म्हणजे ३७५० चौरस मीटर. त्यावर पाच मिलिमीटर म्हणजे पावणेएकोणीस घनमीटर माल. चाळीस टनांच्या आसपास, चार टिपर. कारपेटचा चौथा हिस्सा त्या रस्त्यावर आलाच नाही. आणि कारपेटचं बिल चौरस मीटरवर निघतं. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे आम्ही जिला एमबी म्हणतो तिच्यात, लांबी आणि रुंदी भरायची. जाडी बाबीच्या वर्णनात छापलेली असते, '२० मिमी जाडीचे'. लांबी-रुंदी भरून सही केली की वीसचे पैसे निघाले, प्रत्यक्षात तेरा असोत की चौदा.

मी त्या दिवशी लांबी-रुंदी भरली नाही. शेरा लिहिला. पुढचे अडीच महिने बिल अडकलं, फोन आले, मग ते काम माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिलं गेलं. पुस्तिका पूर्ण झाली, बिल निघालं. दुसऱ्या पावसाळ्यात वळणावरचं कारपेट पापुद्र्यासारखं सुटलं आणि लोक म्हणाले, टेंडर कमी दराने दिलं असणार.

म्हणून म्हणतो, रस्ता निविदेच्या दिवशी बिघडत नाही. तो कार्यारंभ आदेश आणि शेवटचं बिल यांच्या मधल्या दिवसांत बिघडतो. मुंबई महापालिकेने २०१६ मध्ये ३४ रस्त्यांची चौकशी केली आणि सहा ठेकेदारांवर गुन्हे नोंदवले. त्यात कामावर लक्ष ठेवायला नेमलेल्या त्रयस्थ लेखापरीक्षक संस्थाही आरोपी होत्या. मोजणाऱ्यानेच डोळे मिटले तर दर कितीही असो.

उलट बाजूही बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिथेही काम पात्र ठरलेल्यांतल्या कमीत कमी दरालाच जातं. पण पुढची पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात असते, राज्याचे आणि केंद्राचे गुणवत्ता निरीक्षक येऊन खड्डा खणून थर मोजतात, आणि रस्त्याच्या तोंडाला फलक असतो ज्यावर कोणत्या थरात किती माल घातला ते लिहायचं असतं. सगळे ग्रामसडक रस्ते आदर्श आहेत असं मी म्हणणार नाही. पण माझ्या तालुक्यात शेजारी शेजारी दोन रस्ते होते, एक या योजनेतला आणि एक स्थानिक निधीतला, आणि कोणता किती टिकला हे एसटीचे ड्रायव्हर डोळे मिटून सांगायचे.

तिसरं वाक्य, "ऑनलाइन झाल्यामुळे मॅनेज होत नाही." हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण यावर लोकांचा खरोखर विश्वास बसलाय.

ई-निविदेने एक मोठं काम केलं. पूर्वी कचेरीच्या दारात माणसं उभी राहायची आणि बाहेरच्या ठेकेदाराला कोरा फॉर्म मिळू द्यायची नाहीत, पेटीत लिफाफा टाकू द्यायची नाहीत. ते थांबलं. पण रिंग, म्हणजे ठेकेदारांचं आपसातलं संगनमत, दारात ठरत नसते. ती हॉटेलात ठरते, फोनवर ठरते. काम एकाचं, बाकी दोघे आकडा पुरा करायला डमी भरतात, पुढच्या कामाला उलट. पुण्यात २०१४-१५ मध्ये महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत हेच झाल्याचं भारतीय स्पर्धा आयोगाला आढळलं. तक्रार एका नागरिक संघटनेची होती आणि २०१८ मध्ये आयोगाने कंपन्यांना दंड केला. स्पर्धा कायदा, २००२ मध्ये निविदेतल्या संगनमताला स्वतंत्र तरतूद आहे, कलम ३(३)(ड). फार कमी लोक ती वापरतात.

रिंग ओळखायची कशी? दर बघा. खरी चुरस असते तिथे दर खाली येतात आणि एकमेकांपासून लांब असतात. रिंग असते तिथे ते अंदाजपत्रकाला चिकटलेले असतात, पाऊण टक्का बिलो, अर्धा टक्का अबव्ह. मेसेज लिहिणाऱ्याला बिलोची भीती वाटते. मला तीनही दर एका टक्क्याच्या आत आले की जास्त भीती वाटायची. मग अटी वाचा. अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा हॉटमिक्स प्लांट हवा, उपअभियंत्याचा जागा पाहणी दाखला हवा. अशा अटीने गावाबाहेरचा माणूस ऑनलाइनही आत येत नाही, कारण दाखला द्यायला साहेब जागेवर सापडतच नाहीत. आणि रक्कम ई-निविदेच्या मर्यादेखाली राहावी म्हणून एकाच रस्त्याचे तीन तुकडे करणं तर सर्रास चालतं. लहान कामं मग तीन गटांच्या ठरलेल्या वाटपात जातात, सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार. वाटपामागचा हेतू चांगला आहे. पण मजूर संस्थेच्या नावावर काम घेऊन करणारा दुसराच, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

चौथं, "नामांकित कंपनीला थेट काम द्या." यावर फार लिहायची गरज नाही. नामांकित कोण हे ठरवणार कोण? ज्या टेबलावर आज पहिला लिफाफा नीट तपासला जात नाही, त्याच टेबलाला मोकळा अधिकार द्यायचा? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मेरठ नगर निगमच्या खटल्यात सांगितलंय की सरकारी कंत्राट जाहीर लिलावाने किंवा निविदेनेच द्यायला हवं, अपवाद अगदी दुर्मीळ. राज्यघटनेच्या समानतेच्या हक्काचा तो प्रश्न आहे. आणि मोठ्या नावाने काम चांगलं होतं म्हणाल, तर मुंबईत २०२३ मध्ये मोठ्या कंपन्या याव्यात म्हणून ३९७ किलोमीटरच्या काँक्रीट रस्त्यांची कामं फक्त पाच पॅकेजांत दिली, सुमारे सहा हजार कोटींची. त्याच वर्षी दक्षिण मुंबईच्या पॅकेजचं कंत्राट पालिकेला रद्द करावं लागलं.

राहिलं शेवटचं वाक्य, "सामान्य माणसाच्या हातात काही नाही."

आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम २(ञ) वाचा. त्यात कागद बघण्याचा आणि प्रती घेण्याचा हक्क आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या रस्त्याच्या कारपेटचा तुकडा तुम्ही हक्काने मागू शकता. माझ्या सगळ्या नोकरीत असा अर्ज एकदाच आला. एका शिक्षकाचा होता, शाळाखोलीच्या स्लॅबबद्दल. त्या दिवशी कचेरीत जी धावपळ झाली ती कुठल्या मोर्चाने झालेली मी पाहिली नाही.

अर्जात "रस्त्याची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, त्याला उत्तर टाळणं सोपं जातं. कामाचं नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक लिहून नेमकं मागा. तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, लीडच्या तक्त्यासकट. आलेल्या सर्व निविदांचा तुलनात्मक तक्ता. मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, शेऱ्यांसकट. चाचणी अहवाल, इमारत असेल तर काँक्रीटच्या क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या नमुना ठोकळ्यांचे, २८ दिवसांचे. डांबराचे मूळ गेटपास, म्हणजे डांबर जिथून उचललं तिथल्या पावत्या, कारण एकच गेटपास दोन-तीन कामांना जोडलेला मी पाहिलाय, तेव्हा त्यावरचा क्रमांक आणि तारीख शेजारच्या गावच्या कामाशी ताडून बघा. शेवटी दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो ते विचारा. त्या तारखेच्या आत पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने बुजवायचा असतो आणि तो बुजेपर्यंत त्याची सुरक्षा ठेव कचेरीने सोडायची नसते.

अर्जाला दहा रुपये लागतात. पाहणीला जाताना खिशात स्टीलची पट्टी ठेवा, कडेला, मध्ये आणि वळणावर मोजा, पट्टीसकट फोटो काढा आणि हे सगळं दोषदायित्वाची तारीख उलटायच्या आत करा.